मदत हवी आहे: कुत्र्यासाठी ज्वारीची बिस्किटं, एक तर भुगा होतात नाहीतर बुरशी धरतात

नमस्कार मंडळी,

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरात बाळू आहे, गावठी, चार वर्षांचा. गेल्या महिन्यात लसीला नेला तेव्हा डॉक्टरांनी काट्यावर उभा केला तर १८ किलो! १५ च्या आसपास हवा म्हणाले आणि पहिला प्रश्न, "चहाबरोबर बिस्किटं कोण देतं?" मी ह्यांच्याकडे बघितलं, हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

मैदा-साखरेची बिस्किटं तेव्हापासून बंद. पण चार वाजले की बाळू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसतो, ते बघवत नाही. म्हणून घरीच काहीतरी करायचं ठरवलं. ज्वारीचं पीठ, उकडून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडं. मीठ, साखर, गूळ काही नाही. ओव्हन नाही, त्यामुळे झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर भाजते.

पहिल्या घाण्याला भोपळा कमी पडला, उलटायला गेले तर तव्यावरच रांगोळी. दुसऱ्या वेळी भोपळा वाढवला. बिस्किटं छान झाली, डबा भरला, आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास आणि कडेला पांढरी लव. सगळी फेकली. वर आमच्याकडचा एप्रिल, सांगायला नकोच.

दुसरी अडचण सासूबाई. त्यांनी परवा कडक भाकरीच्या तुकड्याला शेंगाचटणी लावून दिली त्याला. "खाऊ दे की, त्यालाबी जीव हाय." चटणीत लसूण! डॉक्टरांना फोन केला. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्रास कधीकधी चार-पाच दिवसांनी दिसतो, म्हणून हिरड्या फिकट पडतात का, लघवी लालसर होते का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं. सुदैवाने काही झालं नाही.

तर प्रश्न असे: बिस्किटं मोडू नयेत म्हणून काय करू? फ्रीजबाहेर टिकतील का? आणि दिवसाला किती द्यायची?

प्रतिसाद १

ताई, ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून मोडतात. भाकरीला करता तशी उकळत्या पाण्यात उकड काढा आणि तळहाताने रगडून मळा, अंड्याची गरजच नाही. भोपळा-अंडं घातलेलं बाहेर ठेवूच नका, वरून कोरडं दिसलं तरी आत ओल राहते. ते फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, नाहीतर तुकडे करून फ्रीजरमध्ये.

पण मला कळत नाही, सोलापुरात राहून बिस्किटं कशाला थापताय? कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते ती काही औषध घालून नव्हे, पातळ थापून पार कोरडी करतात म्हणून. बिनमिठाची करून घ्या आणि मोडून डब्यात ठेवा. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा साधा हिशोब आहे. तुमच्या बाळूला चतकोर भाकरी पुष्कळ, आणि तेवढं जेवणातून कमी करा.

प्रतिसाद २

बेदाण्याचंही सासूबाईंच्या कानावर घाला. आपल्याकडे घरोघरी डबे भरलेले असतात आणि लोक प्रेमाने मूठभर टाकतात. द्राक्षं-बेदाणे थोडे खाल्ले तरी काही कुत्र्यांची किडनी निकामी होते. गाजर द्या, आमची तर काकडीवर खूश असते. उकडलेलं चिकन चालेल, शिजवलेलं हाड मात्र नको, त्याच्या टोकदार कपच्या निघतात.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही आभार. उकडीचा घाणा जमला, एकही मोडलं नाही. आज भाकरीवाल्या मावशींकडेही गेले होते. दहा भाकरी बिनमिठाच्या हव्यात म्हटल्यावर त्यांनी पीठ मळता मळता काळजीने विचारलं, "घरात कुणाला बीपी हाय का, बाई?" कुत्र्यासाठी म्हणायला जीभ रेटेना. सासूबाईंना आहे म्हणून सांगून आले.