गाडी माझी, मग किल्लीचा कोड माझ्याकडे का नको?

नाशिककर (धागाकर्ता):
दोन वर्षांपूर्वी २०१६ ची सेकंड हँड गाडी घेतली. सोबत किल्ली एकच मिळाली आणि मीही दुसरी मागितली नाही. गेल्या महिन्यात ती किल्ली भावली धरणात पडली. इगतपुरीहून गाडी ट्रकवर चढवून नाशिकला आणली. सर्व्हिस सेंटरने आरसी, आधार, अर्ज सगळं घेतलं आणि किल्ली कंपनीकडून यायला अकरा दिवस लागले. बिल सव्वाचौदा हजार.

मी म्हटलं, सिक्युरिटी कोड मला द्या, बाकीचं मी बाहेरून करून घेतो. उत्तर आलं, "तो ग्राहकाला देत नाहीत." किल्लीचं पातं कापायचा नंबर असलेला टॅग नव्या गाडीबरोबर मिळतो. मग इंजिनाच्या कॉम्प्युटरला किल्लीतली नवी चिप ओळखायला लावणारा कोड का मिळू नये? सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. किल्लीचा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा कोड मालकाच्या हातात हवा.

निवृत्त सर्व्हेअर:
नाशिककर, तुमचा त्रास खरा आहे, पण मागणी चुकीची आहे. मी वाहनविम्याचे क्लेम तपासण्यात आयुष्य घालवलं. लोक आरसी, पीयूसी, विम्याची पॉलिसी सगळं डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात. कोडचा कागदही तिथेच जाईल. शिवाय अनेक गाड्यांत हा कोड कायमचा असतो, मालक बदलला म्हणून तो बदलत नाही. तुम्हाला गाडी विकणाऱ्याने कोड लिहून ठेवला असता तर?

इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चिप नसलेल्या किल्लीने इंजिन सुरू होऊ न देणारं कुलूप, नसला की काय होतं ते अमेरिकेत दिसलं. २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत तो होता, ह्युंदाई आणि कियाच्या मात्र फक्त २६ टक्के. पुढे पोरं यूएसबीच्या पिनेने इग्निशन फिरवून त्या गाड्या पळवू लागली. या कुलपाची किंमत मोठी आहे. ते सैल करायला सांगू नका.

चावीवाला, मिरज:
काका, कुलूप सैल करा असं कोणीच म्हणत नाही. चोराला कोड लागत नाही, तो लागतो आमच्यासारख्याला. २०१२ च्या सुमारास इंग्लंडात बीएमडब्ल्यू गाड्या चोरीला गेल्या, त्या स्टिअरिंगखालच्या तपासणी पोर्टला यंत्र लावून कोऱ्या चाव्या शिकवून. चिपमधलं गुपितही फार काळ गुपित राहिलं नाही. मेगामोस नावाच्या चिपमधला दोष संशोधकांनी शोधला, फोक्सवॅगनने २०१३ साली लंडनच्या कोर्टातून तो छापण्यावर बंदी आणली आणि २०१५ मध्ये एक वाक्य गाळून तो छापला गेला. मधल्या काळात गाड्यांतली चिप तीच होती.

माझ्याकडे येणाऱ्यांना कामाची गोष्ट सांगतो. डुप्लिकेट दोन तऱ्हेची असते. क्लोन केली तर जुन्या चिपचीच ओळख नव्या चिपमध्ये उतरते आणि गाडीला दोन्ही एकच वाटतात. त्यामुळे हरवलेली पुसायला गेलात तर हातातलीही बंद पडते. प्रोग्राम केली तर नव्या चावीची स्वतंत्र नोंद होते आणि जुनी पुसता येते. चावी हरवली असेल तर क्लोन करून घेऊ नका, हातातल्या सगळ्या चाव्या घेऊन या आणि बाकीच्या पुसून मागा. मी आरसी आणि मालकाचा फोटो रजिस्टरला लावल्याशिवाय चिपला हात लावत नाही.

निवृत्त सर्व्हेअर:
तुमचं रजिस्टर तुम्ही प्रामाणिक आहात म्हणून आहे. ते तपासतं कोण? शेजारचा दुकानदार ते ठेवत नसेल तर त्याला विचारणारा कोणी नाही. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते, आणि एक कमी पडली की क्लेम अडकतो. बाहेर किती चाव्या बनल्या याचा कागद नसेल तर भरडला जातो मालकच.

श्टुटगार्टहून:
इथे युरोपात आता सेर्मी नावाची व्यवस्था आहे. स्वतंत्र गॅरेजची आणि तिथे काम करणाऱ्या माणसाचीही तपासणी होते. मंजुरी मिळाली की त्याला किल्ली आणि इमोबिलायझरची माहिती उत्पादकाकडून मिळते आणि कोणी काय घेतलं याची नोंद राहते. मालकाच्या हातात कोड देत नाहीत, पण मालकाला एकाच दारात उभंही राहावं लागत नाही. मिरजेच्या दादांसारख्यांना अशी नोंदणी मिळाली तर काकांचा आक्षेप निम्मा तरी संपेल.

चावीवाला, मिरज:
अशी नोंदणी निघाली तर पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन. नाशिककर दादा, तुमच्या जॉब कार्डवर आधीच्या चाव्यांची संख्या लिहिलीय का? यंत्र ती दाखवतं.

नाशिककर (धागाकर्ता):
आत्ता कार्ड काढून पाहिलं. "मेमरीत आधीच्या चाव्या: ३. सर्व पुसल्या." मला मिळाली होती एक, ती धरणात आहे. म्हणजे दोन वर्षं गाडी सोसायटीबाहेर रस्त्यावर उभी होती आणि ती सुरू करू शकणाऱ्या आणखी दोन किल्ल्या कोणाकडे तरी होत्या.

काका, कोड कागदावर मागणं मी सोडतो, तुमचा मुद्दा पटला. पण कोड सगळा वेळ कंपनीकडेच होता आणि तरीही या दोन किल्ल्यांबद्दल मला कोणी सांगितलं नाही. गाडी नावावर होताना हा आकडा आरसीबरोबर मालकाच्या हातात पडलाच पाहिजे, आणि उरलेल्या पुसून द्यायला नोंदणी असलेला कोणीही चावीवाला चालला पाहिजे. विकणाऱ्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. उद्या फोन करतो.