पिकअपच्या हौद्यात खत, औषधं, ड्रिप एकत्र: माल सरकतोय, कसा लावावा?

द्राक्षपट्टा_फेरी
नऊ फुटी हौद्याची पिकअप आहे, तिन्ही फाळके उघडतात. सांगलीहून तासगाव, कवठेमहांकाळ, जत असा कृषी सेवा केंद्रांचा माल जातो. एका फेरीला युरिया १४ पोती, डीएपी ८, विद्राव्य खताच्या २५ किलोच्या १० बॅगा, फवारणीच्या औषधांचे १२ बॉक्स, १६ एमएम लॅटरलची (ड्रिपच्या नळीची) ६ बंडलं आणि अधूनमधून पीव्हीसी पाइप. आधी उतरणारा माल मागे लावला की तासगावची डीएपी फाळक्याला येते आणि स्टेअरिंग हलकं लागतं. ब्रेक मारला की बॉक्स पुढे जाऊन दबतात. नायलॉन दोरी जतपर्यंत ढिली पडते. येताना बेदाण्याचे बॉक्स असतात. कप्पे करून घ्यावेत का?

लोड_हिशेब
आधी वजन बघा. युरिया ४५ किलोप्रमाणे ६३०, डीएपी ४००, विद्राव्य २५०, म्हणजे १,२८० किलो नुसत्या खताचे. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. जे उरतं त्यात ड्रायव्हर-क्लीनरही आले, हे बरेच जण विसरतात.

स्टेअरिंग हलकं होतं कारण मागच्या एक्सलच्या पलीकडे पडलेलं वजन तरफेसारखं पुढची चाकं उचलतं. पुढच्या चाकांवर भार कमी म्हणजे वळणावर पकड कमी आणि पुढचे ब्रेकही अर्धेच कामाचे. म्हणून पोती मागच्या चाकांच्या रेषेपासून केबिनकडे लावा. मग तासगावची डीएपी काढायची कशी? बाजूचा फाळका आहे ना! मागूनच उतरवायचं हा हट्ट सोडला तर क्रमाचं अर्धं कोडं तिथंच सुटतं. तासगाव डाव्या फाळक्याला, कवठेमहांकाळ उजव्या, जत मधे आणि केबिनला लागून. फक्त डावी-उजवी वजनं जवळपास सारखी ठेवा. तासगावला डावी बाजू रिकामी झाली की मधली चार-पाच पोती तिकडे ओढून घ्या, नाहीतर गाडी एका अंगाला झुकेल.

पोती विटांच्या बांधकामासारखी लावा: एक थर उभा, एक आडवा. एकावर एक सरळ उतरंड लावली की गतिरोधकावर ती उघडते.

आता दोरीचं. माल बसवताना पुढे जाण्याचा जोर वजनाच्या ८० टक्के धरतात, बाजूला आणि मागे ५० टक्के. म्हणजे ४०० किलो डीएपी जोराच्या ब्रेकला ३२० किलोने पुढे रेटते. वरून आवळलेला बेल्ट खाली सरळ उतरला तर पूर्ण ताण मालावर दाबतो. तळाशी ३० अंशाचा कोन झाला की निम्माच. तुमची पोती बुटकी, त्यामुळे बेल्ट जवळजवळ आडवाच जाणार. अशा मालाला बांधण्यापेक्षा अडवायचं. पहिला थर केबिनकडच्या जाळीला भिडवा, मधे फट ठेवू नका. नायलॉन भिजली की ताणली जाते. ५० एमएमचा रॅचेट बेल्ट (खटक्याच्या दांड्याने आवळायचा पट्टा) घ्या आणि प्रत्येक गावानंतर परत आवळा.

मिरज_वेल्डिंग
कप्पे करा, पण कायमचे नकोत. दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांना यू-चॅनल नटबोल्टने बसवा आणि त्यात १८ एमएम वॉटरप्रूफ प्लायची फळी वरून सरकवा. दर दीड फुटाला चॅनल असला की फळी हवी तिथे हलते. १२ एमएमचा प्लाय पोत्यांच्या रेट्याने फुगतो. फाळक्याच्या पत्र्यावर वेल्डिंग करू नका, पत्रा पातळ असतो, तिथूनच गंजायला लागतो. खांबाला करावंच लागलं तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बीएस-६ गाडीत ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेटही.

खाली रबरी मॅट टाका, पण हौद्याची पाण्याची भोकं मोकळी ठेवा. सांडलेलं खत ओल धरतं आणि मॅटखाली पत्रा खातं. आठवड्याला मॅट उचलून धुवा.

फवारणी_वेळापत्रक
औषधांचा मुद्दा सुटतोय. त्यांचे बॉक्स पोत्यांच्या वर नाहीत, खाली तर नाहीतच. झाकणाची प्लॅस्टिक पेटी, बाटल्या उभ्या, पेटी मागच्या कोपऱ्यात फळीने अडवलेली. सोबत घमेलंभर कोरडी माती ठेवा. गळती झाली की आधी मातीने शोषून घ्या, पाणी ओतून पसरवू नका.

आणि बेदाणा. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे औषधांचा खाद्यपदार्थाशी थेट संपर्क येता कामा नये. जाताना गळलेलं औषध येताना पुठ्ठ्यात शोषलं जाणार. औषधाची पेटी वेगळी असली तरी बेदाण्यासाठी स्वतंत्र, फक्त त्याच कामाची ताडपत्री अंथरा. गळती झालीच असेल तर त्या दिवशी बेदाणा घेऊ नका.

द्राक्षपट्टा_फेरी
पाइपचं काय? सहा मीटरचे असतात.

लोड_हिशेब
सहा मीटर म्हणजे जवळपास वीस फूट, तुमच्या अख्ख्या गाडीपेक्षा लांब. पुढे काढा की मागे, बाहेर येणारच, आणि बाहेर आलेल्या मालाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्च. दुकानदाराला तीन मीटरचे मागवायला सांगा. तेही नऊ फुटांत सरळ बसत नाहीत, दहा इंच जास्त होतात. पोत्यांच्या थरावर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरके टाका: साडेपाच फूट रुंदीला कर्ण साडेदहा फूट येतो. दोन्ही टोकांना एकेक बेल्ट. लॅटरलची बंडलं त्याच्या दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी जागेत आडवी, ती आपोआप पाचरीचं काम करतात.

मिरज_वेल्डिंग
पाइप आधी एकत्र करकचून बांधा, मग बेल्ट. सुटे असले की मधला हमखास निसटतो.