आरमार वाचवणाऱ्या श्चास्त्नी यांना गोळ्या का घातल्या?

प्रश्न : गलबत
रशियन साम्राज्य कोसळल्यावर बाल्टिक आरमाराची सूत्रे अलेक्सी श्चास्त्नी यांच्याकडे आली. गोठलेल्या फिनलंडच्या आखातातून दोनशेहून अधिक जहाजे त्यांनी हेलसिंकीहून क्रोनश्टाट या रशियन नौदल तळावर आणली आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच, २२ जून १९१८ रोजी पहाटे, मॉस्कोत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या नव्या बोल्शेविक राजवटीसाठी आरमार वाचवले तिनेच हे का केले असावे? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : दीपस्तंभ
आधी त्या प्रवासाची कठीणता लक्षात घ्यायला हवी. जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांशी झालेल्या ३ मार्च १९१८ च्या ब्रेस्ट-लिटोव्हस्क तहानुसार रशियाने फिनलंडच्या बंदरांतून युद्धनौका हलवायच्या होत्या, आणि बर्फामुळे ते अशक्य असेल तर जहाजांवर अगदी मोजकेच लोक ठेवायचे होते; म्हणजे वसंत ऋतूची वाट पाहिली असती तर जर्मन फौजांना ती जवळजवळ रिकामी सापडली असती. बरेच खलाशी तर आधीच घरी परतले होते. तरीही १२ मार्चला चार मोठ्या युद्धनौका आणि तीन क्रूझर ‘येर्माक’ व ‘वोलिनेत्स’ या बर्फफोड्या जहाजांच्या मागोमाग निघाल्या आणि पाच दिवसांनी पोहोचल्या. एप्रिलच्या मध्यास जर्मन सैन्य हेलसिंकीत शिरले, तेव्हा शेवटचा ताफा नुकताच बाहेर पडला होता.

उत्तर : सुकाणू
वादाचे मूळ यानंतरच्या आदेशात आहे. गरज पडल्यास जहाजे उडवून देण्याची तयारी ठेवावी आणि ते काम करणाऱ्यांना पैशांचे आमिष द्यावे, अशी सूचना लष्कर व नौदल खात्यांचे प्रमुख त्रोत्स्की यांच्याकडून आली. श्चास्त्नी यांनी ती खलाशांपासून लपवली नाही आणि खलाशी संतापले. २७ मे रोजी त्यांना अटक झाली. खटल्यात साक्षीदार एकच होता, तो म्हणजे स्वतः त्रोत्स्की. आणि त्यांचा रोख असा होता की श्चास्त्नी यांनी हा पराक्रम लोकप्रियता मिळवून पुढे सत्तेविरुद्ध वापरण्यासाठीच केला. पराक्रमालाच गुन्ह्याचा पुरावा ठरवणारा हा युक्तिवाद मला आजही अस्वस्थ करतो. शिवाय मृत्युदंड १९१७ मध्येच रद्द झाला होता.

उत्तर : नांगर
‘सुकाणू’ यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र श्चास्त्नी नव्या सरकारविषयी नाराज होते, आणि खलाशांच्या मनात सरकारविषयी अविश्वास वाढू देणे हे युद्धकाळात कोणत्याही सेनापतीवर शेकले असते, हेही मान्य करायला हवे. पण त्याची शिक्षा पदच्युती असू शकली असती. दोन दिवसांत खटला उरकून दुसऱ्याच पहाटे गोळ्या घालण्याला समर्थन नाही.

गलबत
सर्वांचे मनापासून आभार. १९९५ मध्ये रशियात त्यांना अधिकृतपणे निर्दोष ठरवण्यात आले, एवढे मला ठाऊक होते. खटल्याची बाजू मात्र आजच कळली.