ट्रेनिंग भरपूर होतात, पण वर्गातल्या अडचणीवर बोलायला कुणी नाही. शाळेतच छोटा गट कसा सुरू करायचा?

गणितबाई_सिंहगडरोड

नमस्कार सगळ्यांना. मी सिंहगड रोडच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते, नोकरीला फार वर्षं झालेली नाहीत. प्रश्न जरा लांबलाय, पण वाचा प्लीज.

ट्रेनिंगची कमी नाहीये. दीक्षा ह्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स केले, निष्ठा हे शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण केलं, नवीन शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास म्हटलंय म्हणजे अजून येतीलच. व्हिडिओ बघायचे, शेवटी प्रश्नमंजुषा सोडवायची, सर्टिफिकेट ऑफिसला द्यायचं. त्यातलं काही खरंच चांगलं होतं, उगाच नावं ठेवत नाहीये. पण वर्गात जी गोष्ट अडते ती अडलेलीच राहते.

आत्ताचंच सांगते. आठवीला एकचल समीकरणं चालू आहेत आणि निम्मा वर्ग -३ - ५ चं उत्तर ८ लिहितोय. का रे विचारलं तर "बाई, वजा वजा अधिक!" आणि तेही इतक्या खात्रीने सांगतात. संख्यारेषा काढून दाखवली, मुलांनी माना डोलावल्या, दुसऱ्या दिवशी वहीत परत ८. स्टाफरूममध्ये विषय काढला तर "पायाच कच्चा आहे, खाली प्राथमिकला काही करून घेत नाहीत" एवढ्यावर संपतं आणि मग निवडणुकीच्या ड्युट्या नाहीतर पगारबिलाचं बोलणं सुरू होतं. माणसं वाईट नाहीत हो, उलट आमच्याकडे एक सर भूमिती इतकी सुंदर शिकवतात की व्हरांड्यातून जाताना पाय थांबतो. मला त्यांचा तास मागे बसून बघायचाय. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या वर्गात बसणं म्हणजे पाठनिरीक्षण, पर्यवेक्षक वही घेऊन येतात तसं, त्यामुळे विचारायचीच भीती वाटते.

कुणी शाळेत असा दोन-चार जणांचा गट चालवलाय का? वेळ कधी काढता, मुख्याध्यापकांना सांगायचं की नाही, आणि बोलायचं नेमकं काय?

विज्ञानसर_हडपसर

ताई, आमच्याकडे चालू आहे म्हणून लिहितोय. पहिलं म्हणजे सगळ्या स्टाफला बोलावू नका. तिघं पुरे, ज्यांना मनापासून यायचंय ते. गटाला नाव नको, उद्घाटन तर मुळीच नको. आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाऊण तास प्रयोगशाळेत बसतो, मुद्दाम स्टाफरूममध्ये नाही.

मुख्याध्यापकांना आधी सांगा, लपवून केलं की संशय येतो, पण दोन गोष्टी मागून घ्या: अहवाल नाही आणि फोटो नाही. फोटो एकदा व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला की पुढच्या वेळी प्रत्येक जण तोलूनमापून बोलतो आणि मग त्यातली जानच जाते.

बोलायचं काय, तर मुलांच्या वह्या. "अध्यापनातील समस्या" असा विषय घेतलात की भाषणं सुरू होतात, स्वानुभव आहे. त्याऐवजी तीन वह्या मधे ठेवायच्या, नावं झाकून, एकच चूक असलेल्या, आणि पहिली पंधरा मिनिटं उपाय सुचवायला बंदी. फक्त एवढंच बोलायचं की ह्या पोराच्या डोक्यात काय चाललं असेल. हे वाटतं तेवढं सोपं नाही, कारण आपल्या सगळ्यांना लगेच सल्ला द्यायची सवय असते. पण त्या पंधरा मिनिटांतच खरं काय ते सापडतं. आमच्याकडे वस्तुमान आणि वजन ह्यातला गोंधळ असाच उलगडला, पोरं वाण्याकडे किलोला वजन म्हणतात, मग वजनाचं एकक न्यूटन आलं की त्यांना वाटतं हे परीक्षेपुरतं वेगळं काहीतरी आहे.

झेडपी_मुळशी

मी जिल्हा परिषद शाळेत आहे, सहावी-सातवी माझ्याकडे. "प्राथमिकला काही करून घेत नाहीत" हे वाचून वाईट वाटलं, ताई तुम्ही म्हणालात असं नाही, पण हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकतो म्हणून बोलते.

आता मुद्द्याचं. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी सहावीला येते. ३ रुपये देणं होतं, अजून ५ देणं झालं, किती देणं? माझी पोरं उणे ८ सांगतात, बहुतेक सगळी. मग सातवीला गुणाकार येतो, (-३) × (-५) = १५, आणि तिथे "वजा वजा अधिक" हे वाक्य पोरं पाठ करतात, कारण छोटं आहे, म्हणायला छान वाटतं आणि लगेच मार्क मिळतात. त्यानंतर तेच वाक्य -३ - ५ ला पण लावतात, कारण तिथेही दोन वजा दिसतात ना! म्हणजे पाया कच्चा नव्हता, पायावर नंतर आलेला नियम चुकीच्या जागी बसला.

माझं ऐकाल तर एक करा. अशी बेरीज-वजाबाकीची चार गणितं एकाच दिवशी सहावी, सातवी आणि आठवीला द्या, न शिकवता, आणि तिन्ही वर्गांचे कागद शेजारी शेजारी ठेवून तिन्ही वर्गांचे शिक्षक बसा. सहावी बरोबर आणि आठवी चूक असं दिसलं तर कुणाला कुणाच्या नावाने बोटं मोडायची गरजच राहणार नाही.

निवृत्त_केंद्रप्रमुख

वरच्या मॅडमनी अगदी मर्मावर बोट ठेवलंय. मी केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे शेजारच्या काही शाळांच्या केंद्राचा प्रमुख म्हणून, बरीच वर्षं काम केलं. आपल्याकडे दर महिन्याची केंद्राची शिक्षण परिषद ह्याचसाठी आहे, शेजारच्या शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून शिकवण्यावर बोलायचं, पण ती माहिती मागवण्यात आणि पोर्टलच्या सूचनांत जाते. मी एवढाच नियम केला होता की पहिला तास पाठ आणि चर्चा, कार्यालयीन सूचना चहानंतर. वरून फोन आला तरी क्रम बदलायचा नाही.

कल्पना काही नवी नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळासंकुल सुचवलं होतं, जवळच्या शाळांनी एकमेकींना हात द्यायचा असं. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, ज्यांची भारतीय शिक्षण संस्था आपल्या कोथरूडला आहे. ते बरंचसं कागदावर राहिलं आणि २०२० च्या धोरणात परत आलं. साताऱ्याच्या कुमठे बीटात, म्हणजे तिथल्या काही केंद्रांच्या गटात, मात्र शिक्षकांनी एकमेकांच्या साथीने वर्ग बदलून दाखवले आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते.

आता ताईंच्या भीतीबद्दल. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात बसतात, नंतर चर्चा करून तो पाठ सुधारतात. तिथे बघणारे मुलांकडे बघतात, शिक्षकाकडे नाही. तुम्ही त्या भूमितीच्या सरांना असं विचारा: "सर, तुमच्या तासाला मागच्या बाकावरच्या चार मुलांनी काय काय लिहिलं ते मी टिपून देऊ का?" असं विचारलं की ते निरीक्षण राहत नाही, मदत होते. फळ्याकडे तोंड असताना मागे काय चाललंय हे कुठल्याच शिक्षकाला दिसत नाही, त्यामुळे सहसा कुणी नाही म्हणत नाही. आणि नंतर बोलताना "छान झाला पाठ" हे वाक्य टाळा, त्या चार मुलांचंच सांगा.

इंग्रजी_शिक्षक_पिंपरी

सगळं पटतंय पण एक बोलू का. आमच्याकडे पदं रिक्त आहेत, ऑफ तासाला रोज बदली तास लागतो, दोघं बीएलओ आहेत, म्हणजे मतदारयाद्यांच्या कामाला. शनिवारचा पाऊण तास पण शिक्षकानेच स्वतःच्या वेळेतून द्यायचा, आणि ५० तासांत तो धरणार कोण? ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्या बायकांना शाळा सुटल्यावर थांबणं जमतच नाही आणि मग त्यांनाच उत्साह नाही म्हणतात, हे मी बघितलंय. वेळ शाळेच्या वेळेतच मिळाला पाहिजे, ही मागणी पण लावून धरा.

विज्ञानसर_हडपसर

बरोबर आहे सर. आमच्या दोन मॅडम ह्याच कारणाने शनिवारी येत नव्हत्या. मग आम्ही वेळापत्रक करणाऱ्या सरांना विनंती केली आणि तिघांचा एक ऑफ तास आठवड्यातून एकदा एकत्र आणला. बदली तास आला की मोडतो, पण आता त्या मॅडम असतात. जूनमध्ये वेळापत्रक बनतानाच मागायचं, नंतर कुणी हात लावत नाही त्याला.

गणितबाई_सिंहगडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. मुळशीच्या ताई, तुमचं ऐकून सहावी, सातवी, आठवीला गणितं दिली. सहावीचे कागद खरंच आठवीपेक्षा चांगले आले! सातवीच्या बाई स्वतःहून म्हणाल्या की गुणाकाराच्या धड्यानंतर मी वजाबाकीकडे परत वळतच नाही, पुढच्या वेळी बघू या. आम्ही तिघी बसणार आहोत. भूमितीच्या सरांनी पण ये म्हटलंय, सुरुवात वर्तुळाच्या पाठापासून. पण आत्ताच्या आठवीचं काय करू? परत पहिल्यापासून शिकवायला वेळ नाहीये.

झेडपी_मुळशी

पहिल्यापासून नको. रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं मिसळलेली गणितं द्या, -३ - ५, (-३) × (-५), -३ + ५, ३ - (-५) अशी, आणि उत्तर काढायच्या आधी प्रत्येकाने फक्त तोंडी सांगायचं की इथे गुणाकार आहे की बेरीज-वजाबाकी. उत्तर लिहायचंच नाही पहिले काही दिवस. "वजा वजा अधिक" कुणी म्हटलं की "कशात?" एवढंच विचारा, आणि ते शेजारच्या पोराने विचारलं तर अजून चांगलं. ३ - (-५) ला पोरं नक्की भांडतील, तिथे घाई करू नका, ५ रुपयांचं देणं कुणी माफ केलं तर आपल्याकडे किती वाढले हे त्यांनाच बोलू द्या. कागद असतील तर नावं झाकून मला पण पाठवा, माझ्या सातवीला दाखवायचेत.