लॅसिक नाही, पीआरके करा म्हणतात. करू का?

चष्मेवाली: चष्म्याचा नंबर लेझरने घालवायचाय. लॅसिक आणि पीआरके या त्याच्या दोन पद्धती, पण डॉक्टर लॅसिकला नाही म्हणाले. मैत्रीण लॅसिक करून दुसऱ्या दिवशी कामावर गेली, मग माझंच का नाही? शुक्रवारपर्यंत कळवायचंय. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा.

निवांत: वय? नंबर? कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी? का आम्ही कुंडली मांडायची?

चष्मेवाली: मायनस ६, दोन्ही डोळे. जाडी ४९० का काहीतरी.

उंटावरचा_शहाणा: ४९० मायक्रॉन म्हणजे पातळच. एका नंबरामागे १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया लेझरने जातो. सहाचे धरा ८५. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पापुद्रा कापून उचलतात, तो फ्लॅप ११०. खाली उरले २९५. किमान २५० लागतात, पण बरेच डॉक्टर ३०० च्या खाली जात नाहीत. पीआरकेत फ्लॅपच नसतो, म्हणून तो सल्ला. मी असतो तर आयसीएल केलं असतं. आत लेन्स बसवतात, कॉर्निया तासावा लागत नाही.

रात्रपाळी: पीआरके केलंय. पहिले तीन दिवस डोळ्यांत तिखट गेल्यासारखं. पडदे ओढून पडून होते, मोबाईल पालथा. वर पट्टीसारखी लेन्स असते, ती चौथ्या-पाचव्या दिवशी काढली. पडद्यावरची अक्षरं नीट दिसायला तिसरा आठवडा उजाडला. आता मस्त.

सात्त्विक: कशाला चिरफाड? डोळ्यांचे व्यायाम करा. माझ्या भाच्याचा नंबर गेला.

उंटावरचा_शहाणा: मायनस नंबर बहुतेक वेळा डोळा लांबट झाल्याने येतो. व्यायामाने तो आखूड होत नाही. भाच्याचा नंबर होता किती?

दूरदृष्टी: काहीही करा, चाळिशीत वाचायचा चष्मा लागणारच.

चष्मेवाली: ते कुणी विचारलंय?

निवांत: वय अजून सांगितलं नाहीत. आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावता का?

चष्मेवाली: २४. नंबर दोन वर्षं तोच. लेन्स रोजच लावते, तपासणीलाही लावून गेले होते, बाहेर बसल्यावर काढल्या.

निवांत: अहो! लेन्समुळे कॉर्नियाचा आकार आणि जाडी तात्पुरती बदलते. मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे बंद ठेवून मग स्कॅन करतात, कडक असतील तर आणखी जास्त. तिथे विचारलं नाही कुणी?

चष्मेवाली: विचारलं होतं. दोन आठवडे तो जाड चष्मा घालून हिंडायचं नव्हतं, म्हणून 'बंद आहेत' म्हणाले.

रात्रपाळी: 🤦

निवांत: उद्याच फोन करून खरं सांगा. पुन्हा स्कॅन होऊ दे. उत्तर पीआरकेच येईल कदाचित, पण आकडे तरी खरे असतील.

चष्मेवाली: म्हणजे शुक्रवार गेला.

सात्त्विक: भाच्याला विचारलं. पाव नंबर होता.