गणवेश, वर्दी, ड्रेस, जर्सी: कुठे काय लिहायचं?

एक भाषांतर करतोय, त्यात 'युनिफॉर्म' पानोपानी येतोय. शाळेला गणवेश ठीक आहे, पण 'फुटबॉल टीमचा गणवेश', 'डॉक्टरांचा गणवेश' लिहिलं की वाचताना अडखळायला होतं. सरसकट वर्दी करून टाकू का?

– वर्दी नको रे बाबा. मराठीत वर्दी म्हणजे खबर. 'वर्दी मिळताच अग्निशमन दलाचे बंब रवाना झाले' हे वाचलं असशीलच. कपड्यांचा अर्थ हिंदीतून आलाय आणि पोलीस-फौजेपुरता आता रुळलाय पण, 'अंगावर वर्दी होती म्हणून गप्प बसलो' असं बोलतात लोक, त्याला माझी ना नाही. पण पोरांना रोज शाळेत ने-आण करायच्या कामालाही रिक्षावाले वर्दीच म्हणतात, त्यामुळे 'शाळेची वर्दी' लिहिलंस तर रिक्षावाला विचारेल, पोरं किती आणि शाळा सुटते कधी?

– गणवेश म्हणजे गणाचा वेश, एवढंच. एकसारखेपणा त्या शब्दात नाहीच, तो युनिफॉर्ममधे आहे (मूळ लॅटिन, 'एक रूप' अशा अर्थाचं). फुटबॉलमधे गोलकीपरच्या कपड्यांचा रंग बाकी टीमपेक्षा वेगळा असावा लागतो, व्हॉलीबॉलमधे लिबेरोची (म्हणजे फक्त बचावासाठी खेळणाऱ्याची) जर्सी वेगळी, तसा नियमच आहे. म्हणजे एकरूप नाहीत पण गणातलेच. त्यामुळे नियमपुस्तिकेत 'खेळाडूंचा गणवेश' चालेल, पण संवादात जर्सीच ठेव, मैदानावर कोणी गणवेश म्हणत नाही. आणि किट लिहिताना जरा जपून, क्रिकेटवाला 'किट विसरलो' म्हणाला तर बॅट-पॅड-ग्लोव्हज सगळं घरी राहिलंय. (जर्सी हे मुळात इंग्लिश खाडीतल्या बेटाचं नाव, तिथल्या लोकरी विणकामावरून कपड्याला पडलं.)

बरं. डॉक्टर?

– एप्रन. बाह्या, खिसे, कॉलर सगळं असलेला चांगला कोट असतो तो, तरी आपल्याकडे एप्रनच. ऑपरेशन थिएटरमधे असेल तर स्क्रब्ज (तो साधा सैल शर्ट-पायजमा) किंवा गाऊन.

– वकिलांनाही गणवेश लावू नकोस. काळा कोट, गळ्याला पांढरे बँड, सगळं नेमून दिलेलं असतं तरी तो पोशाख किंवा ड्रेसकोड. मला वाटतं कारण असं की तिथे दोन्ही बाजूंचे वकील तेच कपडे घालून एकमेकांविरुद्ध उभे असतात, मग गण कुठला?

– थोडं अवांतर, पण गणवेशातल्या एका तुकड्यावरून अख्ख्या माणसाला नाव पडल्याची उदाहरणं मराठीत मस्त आहेत. चपरास म्हणजे पट्ट्यावरचा धातूचा बिल्ला, तो लावणारा चपराशी. नुसत्या पट्ट्यावरून पट्टेवाला. बिल्ले गेले, पट्टे गेले, शब्द मात्र नोकरीत कायम.

– 'ड्रेस' राहिला की. बोलताना शाळेच्या बाबतीत गणवेश कोण म्हणतं, 'ड्रेस धुतला का' असंच विचारतात. आईच्या तोंडी वाक्य असेल तर ड्रेस, शाळेच्या सूचनेत गणवेश.

हे पटलं. अजून एक, गणवेश की गणवेष?

– दोन्ही लिहिलेलं दिसतं, वेश आणि वेष दोन्ही जुनेच आहेत. मी श लिहितो. एक काहीतरी धर आणि शेवटपर्यंत तेच ठेव. आणि युनिफॉर्म न घातलेले पोलीस आले तर 'गणवेशाविना पोलीस' करू नकोस प्लीज, त्यांना 'साध्या वेशातले पोलीस' हा छान तयार शब्द आहे.