सल्ला हवा: आफ्रिकेत घोड्यावरून सफारी – मारा, ओकावांगो की वॉटरबर्ग?

पाऊलवाट

पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये आम्हा दोघांना जीपऐवजी घोड्यावरून सफारी करायची आहे. केनियातलं मसाई मारा, बोत्सवानातलं ओकावांगो आणि दक्षिण आफ्रिकेतलं वॉटरबर्ग ही नावं डोक्यात आहेत. पुण्यातल्या क्लबात दोघंही शिकतो. दुडकी नीट जमते, कँटर (दुडकीपेक्षा वेगाची, भरधावपेक्षा हळू चाल) रिंगणात जमतो, मोकळ्या रानात घोडा चौखूर सोडलेला नाही. नवऱ्याचं वजन 92 किलो, मी शाकाहारी. कुठे जावं, तयारी काय करावी, आणि सिंह समोर आला तर स्वाराने नेमकं काय करायचं?

माळरान

घोड्यावरची मांड किती पक्की आहे त्यावरून ठिकाण ठरवा, प्राण्यांच्या यादीवरून नको.

मारा आणि ओकावांगोत हत्ती, रानरेडे आणि सिंह यांच्या मधूनच वाट असते. तिथले आयोजक मुख्यतः एकच गोष्ट तपासतात: मार्गदर्शकाने सांगितल्यावर घोडा भरधाव काढून, रांग न मोडता, खाली न पडता दूर जाता येईल का? पहिल्या रपेटीतच ते बघतात. जमत नसेल तर पुढचे दिवस जीपमध्ये काढावे लागतात आणि सहसा पैसे परत मिळत नाहीत. माथेरान-महाबळेश्वरला घोडेवाला लगाम धरून फिरवतो तो अनुभव यात धरू नका.

आज आहे तेवढ्या तयारीवर वॉटरबर्ग. जोहान्सबर्गहून गाडीने तीन-चार तास, मलेरिया नाही, आणि तिथल्या काही खासगी राखीव रानांत सिंह-हत्ती नाहीत, पण गेंडे, जिराफ, झेब्रे आहेत. त्यामुळे चालीने निवांत जाता येतं. केनियातच जायचं असेल तर लायकिपियातलं बोराना किंवा लेवा बघा. तिथे मुक्काम एकाच जागी असतो आणि तास-दोन तासांची रपेटही घेता येते.

माराच हवं असेल तर चार महिने हातात ठेवा. आठवड्यातून निदान दोनदा, त्यातली एक रपेट रिंगणाबाहेर. रिंगणात कुंपण घोड्याला वळवतं. रानात पुढचे पाच घोडे पळाले की तुमचाही पळतो, आणि लगाम सतत ओढून धरला तर तो त्यावरच रेलून आणखी जोर करतो. ओढा-सोडा, ओढा-सोडा असा हात हवा आणि वजन खोगिरात मागे. दुसरं, रिकिबीत उभं राहून, ढुंगण खोगिरापासून जरा उचलून पाच मिनिटं सलग कँटर जमला पाहिजे. तिसरं, जमिनीवरून चढता आलं पाहिजे. रानात ओटा नसतो, वारूळ मिळालं तर नशीब.

दुर्बीण

हंगामाबद्दल. मारात विल्डबीस्टचे (गाईएवढ्या मोठ्या हरणांचे) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात, तेव्हा तुमचे महिने योग्यच. घोड्यांची वाट मात्र मुख्य राखीव क्षेत्राबाहेरच्या कन्झर्व्हन्सी (स्थानिकांच्या जमिनीवरची खासगी राखीव रानं) आणि मसाईंच्या चराऊ कुरणांतून जाते. नदी ओलांडणारे कळप बघायचे तर जीपचे दोन दिवस वेगळे धरा. तंबू पुढे पुढे हलवणाऱ्या सफारीत दिवसाला 20 ते 40 किलोमीटर, म्हणजे चार ते सहा तास खोगिरात.

ओकावांगोत पूर येतो तो अंगोलातल्या पावसाचा. ते पाणी महिनोन् महिने सरकत येतं आणि स्थानिक पाऊस केव्हाच संपलेला असताना, जून ते ऑगस्टमध्ये भरतं. म्हणून जुलैत तिथे घोडा पोटापर्यंत पाण्यात धावतो. दृश्य अप्रतिम, पण एक लक्षात ठेवा: पाण्यात थांबलेला घोडा पुढच्या पायाने पाणी खणायला लागला की तो खोगिरासकट लोळण्याच्या बेतात आहे. त्याच क्षणी डोकं वर उचला आणि टाच मारून पुढे काढा. पोहायची वेळ आली तर लगाम ढिला, अयाळ मुठीत, वजन पुढे.

खर्च या दोन्ही ठिकाणी माणशी दिवसाला 600 डॉलरच्या वरच धरा, विमान वेगळं. वॉटरबर्ग त्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

पाऊलवाट

धन्यवाद, खूप उपयोगी. वजनाचं काय? आणि सिंहाचं राहिलं.

रिकीब

मारा-ओकावांगोत मर्यादा बहुतेक 95 किलोच्या आसपास असते. ती बूट-हेल्मेटसह आहे का, हे आयोजकाला लेखी विचारा. 92 किलोचा माणूस कपडे, बूट, पाण्याची बाटली, कॅमेरा धरून सहज 97 वर जातो. ही अट घोड्याच्या पाठीसाठी आहे. सहा तास जड स्वार दुडकीत आदळत बसला तर पाठ सोलते, आणि रानात बदली घोडा मोजकाच असतो. चार-पाच किलो उतरवा, आणि दुडकीत दर दुसऱ्या टापेला उठत-बसत जायची सवय पक्की करा.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) निघताना कसला तरी दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचा, कारण तंग कसताना घोडा पोट फुगवून ठेवतो. ढिल्या तंगाने खोगीर सरकतं, घासून जखम होते.

माळरान

सिंहाबद्दल: पळायचं नाही. पाठ फिरवून पळणारा घोडा सिंहाच्या नजरेत झेब्राच असतो. सगळे घोडे एकत्र आणून तोंड सिंहाकडे करायचं, गप्प उभं राहायचं, मार्गदर्शक सांगेल तसं हळू मागे किंवा बाजूला सरकायचं. घोड्यावरून खाली उतरायचं नाही. मार्गदर्शकाच्या पुढे कधीही जायचं नाही.

हत्तींचं वेगळं. वारा त्यांच्याकडून आपल्याकडे असेल अशाच बाजूने जातात. आई आणि पिल्लाच्या मधे घोडा घालायचा नाही. मादीने कान पसरून तोंड वळवलं की लगेच लांबून वळसा. दाट झुडपातला एकटा रेडा सगळ्यांत वाईट, कारण तो जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

यांच्यापेक्षा जास्त माणसं पडतात ती बिळांमुळे. आर्डवार्क (मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी) आणि वॉर्टहॉगची (रानडुकराची) बिळं गवतात लपलेली असतात. भरधाव जाताना पुढच्या घोड्याच्या मागोमाग या, दोन-तीन घोड्यांचं अंतर ठेवा आणि लगाम इतका मोकळा द्या की घोड्याला मान खाली करून जमीन बघता येईल.

दुर्बीण

तब्येत आणि कागदपत्रं. केनियाला जाणार असाल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर भारतात परतल्यावर विमानतळावरच विलगीकरणात ठेवतात. मारा आणि ओकावांगोसाठी मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. त्यातल्या डॉक्सिसायक्लिन या गोळीने ऊन जास्त भाजतं, आणि तुम्ही दिवसभर उन्हातच असणार, हे त्यांना सांगा. केनियासाठी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी) काढावं लागतं. विमा घेताना घोडेस्वारी स्पष्ट लिहिलेली आहे का आणि रानातून विमानाने हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचा.

क्लबाच्या पागेत वापरलेले बूट नेण्याआधी घासून, जंतुनाशकाने धुऊन घ्या, येतानाही तेच. घोड्यांचे आजार असेच फिरतात. 'आफ्रिकन हॉर्स सिकनेस' हा घोड्यांचा जीवघेणा आजार मात्र चिलटांमधून पसरतो आणि 1960 मध्ये तो भारतापर्यंत आला होता. ही चिलटं संध्याकाळ ते पहाट चावतात, म्हणून घोडे दिवस मावळायच्या आत परत आणण्यावर तिथले लोक अडून बसतात. उशिरापर्यंत फिरण्याचा हट्ट करू नका.

रिकीब

सामान: छोट्या विमानात केनियात बहुधा 15 किलो, बोत्सवानात 20, आणि बॅग मऊच हवी, चाकांची कडक नाही. हेल्मेट स्वतःचंच न्या आणि हातसामानात ठेवा. मांडीच्या आतल्या बाजूला शिवण असलेल्या पँट नकोत, मांड्या सोलतात. हाफ चॅप्स (पोटरीवर बांधायची चामड्याची पट्टी), पातळ हातमोजे, लांब बाह्या. रंग खाकी किंवा करडा. काळ्या-निळ्याकडे त्सेत्से नावाच्या चावऱ्या माशा येतात. बोत्सवानात लष्करी छापाचे कपडे घालू नका. पहाटे कडाक्याची थंडी असते, एक जाड जाकीट हवंच. नवे बूट तिथे पहिल्यांदा घालू नका.

शाकाहार बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, अंडं चालतं का तेही. तंबूचा किराणा शहरातून एकदाच भरून येतो, तिथे पोचल्यावर सांगून काही उपयोग नाही. नैरोबीत डाळी-मसाले सहज मिळतात, त्यामुळे आधी कळलं तर आचारी डाळ-भात-भाजी व्यवस्थित करतो. मेतकूट आणि सुकी चटणी सोबत असू द्या. दुपारचं जेवण बहुतेक खोगिराच्या पिशवीतलं सँडविच असतं.